पिवळ्या गाडीची डावी सीट

नाना,

तुम्ही गेलात त्याचं दुःख मला आहेच, पण खरं सांगायचं तर ते सध्या दुसऱ्या नंबरावर आहे. पहिल्या नंबरावर पाचोऱ्याचा दिलीप आहे.

तुमच्या दारात दुखवट्याचा मंडप पडला, द्वारदर्शनाला माणसं यायला लागली. मी आलेल्यांना पाणी देत होतो. तर मंडपाच्या मधोमध खुर्ची टाकून आपला हा धाकटा साडू साक्रीकडच्या पाहुण्यांना सांगत बसला होता की नुकतंच नाना आणि मी नाशिकला गाडी बघायला गेलो होतो. पिवळी, दोन दारांची, छत उघडणारी. नाना चालवत होते आणि मी शेजारी बसलो होतो. छत उघडलं, वारा असा लागला की डोळ्यांतून पाणी. पाहुणे माना डोलावत होते. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. समोरच्या म्हाताऱ्याने दोनदा ग्लास पुढे केला, तेव्हा कुठे मी भानावर आलो.

दिलीपला नेलं तुम्ही? गाडी बघायला?

एरंडोलच्या तीन बहिणी आणि आपण त्यांचे तीन नवरे. थोरल्या अक्का तुमच्याकडे धुळ्याला, मधली सुनंदा माझ्याकडे जळगावला, धाकटी दिलीपकडे पाचोऱ्याला. साडू-साडूचं नातं कसं असतं ते मी तुम्हाला काय सांगू? सासऱ्याने केलेली तुलना आपण जन्मभर पुढे चालवतो. पण आपल्या दोघांत ती नव्हती, कारण गाडी होती. गाडीचं खातं माझं होतं. दिलीपकडे बाकी सगळं होतं. जावयांत सगळ्यात गोरा तो, लग्नात नाचायला पुढे तो, सासूबाईंच्या औषधाच्या वेळा पाठ त्याला. मी कधी काही बोललो? म्हटलं असू दे, गाडी तर आपली आहे.

ही गाडीची भानगड सुरू कशी झाली तेही दिलीपला धड सांगता येत नव्हतं. तो म्हणाला, नानांना तरुणपणापासून नाद होता. साफ खोटं. तरुणपणी तुम्हाला सायकलचाही नाद नव्हता. पन्नाशी उलटल्यावर एकदा हायवेवरच्या तुमच्या बी-बियाण्यांच्या दुकानासमोर एक लाल, बुटकी स्पोर्ट्स कार पंक्चर होऊन थांबली. तुम्ही तिच्या मालकाला सावलीत खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. त्याने उपकार फेडायचे म्हणून तुम्हाला आत बसवलं. बसलात तुम्ही आपले आपण, बाहेर काढायला मात्र दुकानातली दोन माणसं लागली. संध्याकाळी तुम्ही मला फोन केला होता, नाना. मला. पाचोऱ्याला नाही.

“विजूभाऊ,” तुम्ही म्हणाले, “आत बसलं ना, की रस्ता मांडीवर येतो.”

एवढंच बोलून ठेवला फोन. मी रात्रभर मांडीकडे बघत होतो.

नवी घ्यायची ऐपत नव्हती, आणि असती तरी तुम्ही नवी घेतली नसती. चाललेला बैल बघून घ्यावा, न चाललेल्याचं काय सांगावं, असं तुमचं मत. मग सुरू झाले आपले रविवार. कधी इंदूर, कधी सुरत, बऱ्याचदा नाशिक. मी जळगावहून माझी गाडी घेऊन यायचो आणि तुम्हाला धुळ्यातून उचलायचो. माझी गाडीही जुनीच, मी ती एका दुपारी पसंत करून त्याच संध्याकाळी घरी आणली होती. पुढे तिच्या गालिच्याखाली कुठल्यातरी पुराचा गाळ निघाला. पावसाळ्यात तिचा हॉर्न आपोआप वाजतो. तुम्ही दर वेळी तिच्यात बसताना एकदा खाली वाकून गालिचा उचलायचे, बघायचे, पुन्हा नीट ठेवायचे. बोलायचे काही नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तिथे पोचल्यावर आपली नाटक कंपनी सुरू व्हायची. डोक्यावर टोपी, अंगात पांढरा सदरा, असला माणूस स्पोर्ट्स कार मागायला आलाय हे कुणाला पटलं नसतं. आणि पटलं असतं तर भाव चढला असता. म्हणून गिऱ्हाईक मी व्हायचो, आणि तुम्ही म्हणजे मला आवरायला घरच्यांनी बरोबर पाठवलेले वडीलधारे. तुमचं काम अवघड होतं. माझ्या कामात काही करावंच लागत नव्हतं. मला प्रत्येक गाडी आवडायची. सुरतच्या त्या काळ्या गाडीभोवती मी सात फेरे मारले तेव्हा तुम्ही माझ्या दंडाला असा चिमटा काढलात की आठवडाभर निळं होतं. सुनंदाने विचारलं, हे काय. मी सांगितलं, नानांनी. ती म्हणाली, बरोबर केलं असेल.

तुम्ही काय करायचे ते मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. आदल्या दिवशी फोनवर बजावायचं की गाडी सकाळपासून चालू करू नका. गेल्या गेल्या, नमस्काराच्याही आधी, बॉनेटवर हात ठेवायचा, तापलेलं आहे का बघायला, जसा आपण पोराच्या कपाळावर ठेवतो. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या बुडाशी शिवलेली पट्टी वाचायची, कारण गाडीला रंग नवा देतात पण पट्टा बदलायचं कुणाच्या ध्यानात येत नाही, तो गाडीचं खरं वय सांगतो. दारांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू कधी उघडलेत का ते बघायचे. आणि ‘का विकताय?’ हे तीनदा विचारायचं. एकदा दारात, एकदा गाडीजवळ, एकदा चहा पिताना. इंदूरच्या त्या डॉक्टरने दारात सांगितलं नवी घ्यायची आहे. गाडीजवळ सांगितलं जागा नाही. चहाच्या वेळी बिचारा म्हणाला, कंबर गेली हो. तुम्ही म्हणाले, दारातलं उत्तर गिऱ्हाइकासाठी, गाडीजवळचं शेजाऱ्यांसाठी, चहाचं खरं. परतीच्या वाटेवर मी तुम्हाला विचारलं, मग ही चांगली ना? कंबरेला कारण गाडी आहे, गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही म्हणाले, बघू.

बघू! नाना, या एका शब्दावर मी किती डिझेल जाळलं.

आणि परत आल्यावर अक्का दारातच विचारायच्या, “लई उनात का गाडी?” तुम्ही मान हलवायचे, नई आणली. अक्का हसायच्या आणि भाजी गरम करायला आत जायच्या. हे मला सगळ्यात जास्त लागायचं. त्या हसायच्या! इकडे मी रिकाम्या हातांनी जळगावला पोचलो की सुनंदा म्हणायची, नानांकडून काही शिका, बघा कसे थांबतात. आणि मी काही घेऊन पोचलो, मग ते मिक्सर असो की सोफा, तरी हेच म्हणायची. तुमच्या थांबण्याचं कौतुक माझ्या घरात मिठासारखं होतं. प्रत्येक पदार्थात.

मला तुमचा हेवा वाटायचा. आता तुम्ही नाही आहात तर स्पष्ट लिहितो, तुम्ही होते तेव्हाही तुम्हाला कळत होतंच.

आपलं एक भांडण राहून गेलंय. सोनगीरच्या पुढे ढाब्यावर शेवभाजी खाताना मी म्हणालो होतो की तुमचं हे थांबणं वगैरे काही नाही, तुम्हाला भीती वाटते. तुम्ही भाकरी चुरत राहिले. मग म्हणाले की भीती तुम्हाला वाटते, विजूभाऊ, म्हणून घाई करता. तुम्ही केळीवाले. व्यापाऱ्याचा फोन आला, ट्रक लागला, की विळे घेऊन धावता, कारण उद्या घड पिकला तर संपलं. आम्ही कापूसवाले. भाव नसला की कापूस घरात भरतो, त्याच्यावर झोपतो, अंगाला खाज सुटते, पण थांबतो. मी म्हणालो, थांबता थांबता तो पिवळा पडतो, नाना. तुम्ही म्हणाले, पिवळा पडला तरी कापूसच राहतो. यावर मला तेव्हा काही सुचलं नाही. मी भाजीत आणखी तर्री घातली. चोपड्यापर्यंत जाऊन आलो तरी सुचलं नाही. तुम्ही गेल्यानंतर, तिकडे स्मशानात, लाकडं रचत असताना सुचलं. कापूस थांबतो हो, कापूसवाला कुठे थांबतो? ऐकायला तुम्हीच नव्हते. अशी उत्तरं वाया जातात.

तर असं आपलं सगळं. आणि शेवटच्या गाडीला दिलीप.

मी अक्कांना विचारलं. दुखवट्याच्या घरात हे विचारायचं नसतं हे मला कळतं, पण त्या माजघरात एकट्या बसल्या होत्या आणि मला राहवलं नाही. म्हणालो, नाना दिलीपला घेऊन नाशिकला गेले होते का? अक्का म्हणाल्या, गेले होते भाऊ, दोघं सकाळी गेले आणि संध्याकाळी आले. पुढे मी काय विचारणार? माझ्याबद्दल काही म्हणाले का, असं? त्या कपाळ पुसून बसलेल्या, आणि मी माझ्या मानापमानाचं पोतं घेऊन उंबऱ्यात उभा. मी म्हणालो, चहा टाकायला सांगू का? त्या म्हणाल्या, आत्ताच झाला, भाऊ. तुम्हीच दिला.

दोन दिवसांनी तुमचा फोन वाजला. मोबाइल अक्कांच्या उशाशी होता, त्यांनी तो माझ्याकडे दिला. नाशिकहून त्या गाडीचे मालक बोलत होते. नानासाहेब आहेत का म्हणाले. मी सांगितलं. मग म्हणाले, फार वाईट झालं. गाडी अजून इथेच आहे. तुम्ही कोण? मी म्हणालो, साडू. कुठले साडू, हे त्यांनी विचारलं, आणि मला इतका राग आला की मी फक्त, येतो, एवढं म्हणून फोन ठेवला.

कशाला जायचं होतं मला? गाडी घ्यायची नव्हती. मला ती सीट बघायची होती. सुनंदाला सांगितलं, नाशिकला बँकेचं काम आहे. तिने विचारलं, कुठल्या बँकेचं. मी म्हणालो, निघतो, उशीर होतोय.

मालक घरं बांधायचे नकाशे करणारे. साठीचे, सडपातळ, बोलणं मऊ. गाडी आंब्याखाली उभी होती. काय सांगू नाना. पिवळी म्हणजे हळदीची पिवळी नाही, पिकल्या केळाची पिवळी. आमच्या बागेतून निघाल्यासारखी. माझ्याकडून हात जोडले गेले. मग आठवलं आणि बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. सीटबेल्ट ओढून पट्टी वाचली, काय वाचायचं ते मला कधीच कळलेलं नाही, पण वाचली. मालक बघत होते. म्हणाले, “ते पण असंच करत होते.”

मी विचारलं, का विकताय? त्यांनी सांगितलं, बायकोला या गाडीत फिरायला आवडायचं, ती गेली, आता शेजारची सीट रिकामी बघवत नाही. मी म्हणालो, नानांनी हे किती वेळा विचारलं? ते म्हणाले, “एकदाच. मी सांगितलं, मग ते पुढे काही बोललेच नाहीत. गाडी फिरवून आणली, तिथे झाडाखाली उभी केली, बरोबरचे पाहुणे उतरले, आणि ते आतच बसून राहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी चहा घेऊन आलो तर गाडीतच प्यायले.”

मी विचारलं, मग घासाघीस?

“नाही केली. म्हणाले, मला घ्यायची आहे. पण जळगावचे आमचे साडू एकदा बघतील, मग. त्यांच्याकडे केळीची कापणी चालू आहे, ती होऊ द्या. त्यांच्याशिवाय आजवर एक गाडी बघितली नाही मी, ही पहिलीच, आणि तिच्यात काही मजा नाही आली म्हणाले.” मालकांनी बॉनेटवर पडलेलं आंब्याचं पान झटकलं. “बरोबरचे पाहुणे ऐकत होते. थोडे हिरमुसले बिचारे. मधे दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, पण मी थांबलो. त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं ना.”

नाना, दुखवट्याच्या घराकडे इतक्या आनंदात परतलेला माणूस त्या रस्त्याने पाहिला नसेल. मजा नाही आली! दिलीप शेजारी, छत उघडं, डोळ्यांतून वाऱ्याचं पाणी, आणि मजा नाही आली! मी चांदवडचा घाट गाणं म्हणत उतरलो. मालेगावच्या पुढे थांबून शेवभाजी खाल्ली, एकट्याने दोघांची. दिलीपला हे कसं सांगायचं त्याचीच तालीम चालली होती डोक्यात. सरळ नाही सांगायचं. पाहुण्यांसमोर, त्याचं छत उघडायच्या जरा आधी, सहज म्हणायचं की हो, ते मला भेटले नाशिकचे, फार आठवण काढत होते, नाना काय म्हणाले ते सांगत होते.

लळिंगचा किल्ला दिसायला लागला आणि माझ्या डोक्यात कुठेतरी खडा अडकला.

कापणी होऊ द्या, म्हणाले तुम्ही. कापणी शनिवारी झाली होती. शेवटचा ट्रक भरून मी रात्री घरी आलो आणि झोपलो. रविवारी तुमचा फोन आला नाही. तो का नाही आला हे अक्कांनीच नंतर सांगितलं, तुम्ही म्हणत होते की विजूभाऊ दमला असेल, आज झोपू दे, उद्या करतो. सोमवारी सकाळी तुम्ही दुकान उघडलं, खुर्चीवर बसले, आणि पोरांना वाटलं डुलकी लागली.

मी गाडी बाजूला घेतली. मागून येणारे ट्रक हॉर्न देत जात होते.

तुम्ही जगाच्या भावासाठी थांबायचे ते मला माहीत होतं. माझ्यासाठी थांबायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? ज्याला आयुष्यात कधी थांबता आलं नाही त्याच्यासाठी? फोन करायचा होता, नाना. मी घड झाडावर सोडून आलो असतो. नसतो आलो, खरं म्हणजे. दुपारपर्यंत थांबा म्हणालो असतो, ट्रक लागलाय. पण मग निदान मी विचारलं असतं की कुठली गाडी, कसला रंग, आणि तुम्ही सांगितलं असतं. मला फोनवर ऐकायला मिळालं असतं की तुम्ही ‘बघू’ शिवाय दुसरं काहीतरी बोलताय.

आणि आभारही मानायचे आहेत, ते कधी मानायचे? एवढ्या वर्षांत, ही शेवटची गाडी सोडली तर, तुम्ही मला एकदाही घरी सोडून गेला नाहीत. तुम्हाला माझा उपयोग काय होता? गाडीतलं मला कळत नाही, भाव पाडता येत नाही, उलट तो वाढवतो. मी फक्त खूश व्हायचो. प्रत्येक गाडी बघून, प्रत्येक वेळी. तेवढ्यासाठी कुणी कुणाला सुरतला नेतं का?

तुमच्या घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दुसऱ्या दिवशी उत्तरकार्य, गंधमुक्तीचा कार्यक्रम, त्याच्या खुर्च्या येऊन पडल्या होत्या. अक्का ओसरीत तांदूळ निवडणाऱ्या बायकांत बसल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, नाशिकची गाडी बघून आलो. सुनंदाने माझ्याकडे बघितलं, बँकेचं काही बोलली नाही. अक्कांनी विचारलं, कशी आहे? मी सांगितलं, चांगली आहे, नानांना घ्यायची होती. त्या म्हणाल्या, “माले ठावं शे. त्या रातले ते झोपनात नई.” मग सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, आता नका आणू भाऊ ती इथे. मी रोज बघू कशी?

तेवढ्यात दिलीप मंडपातून आला आणि मला बाजूला चला म्हणाला. आपण तुमच्या दुकानाचा जुना माल असतो त्या पत्र्याच्या शेडजवळ जाऊन उभे राहिलो. म्हणजे मी आणि तो. तुम्ही नव्हते, सवयीने ‘आपण’ लिहिलं.

“तुम्ही नाशिकला गेले होते,” दिलीप म्हणाला.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तिथल्या साहेबांचा फोन आला. मीच त्यांना परवा फोन करून सांगून ठेवलं होतं, गाडी दुसऱ्याला द्यायच्या आधी मला विचारा म्हणून.”

म्हणजे गाडी याला हवी होती. माझ्या अंगाची लाही झाली. तालमीतलं सगळं तोंडात गोळा झालं. पण तोच पुढे म्हणाला, “नाना काय म्हणाले ते सांगितलं असेल त्यांनी तुम्हाला.”

“सांगितलं.”

“मंडपात मी तेवढं सोडून सांगतो.”

नाना, तो हे माझ्याकडे न बघता म्हणाला. त्यानेच माझं वाक्य माझ्या आधी म्हणून टाकलं.

“तुम्ही दोघं एवढी वर्षं जायचे,” तो म्हणाला. “तिकडची शेवभाजी खायचे आणि परत आल्यावर पाचोऱ्याला फोन करून मला सगळं सांगायचे, कोणाची कंबर गेली आणि कोणाला चिमटा काढला. मी एकदा नानांना म्हटलं होतं, मलाही न्या. तर म्हणाले, गाडीत जागा नाही.”

“माझ्या गाडीत पाच माणसं बसतात.”

“तेच ना.”

शेडच्या पत्र्यावर एक कावळा येऊन बसला. उद्याच्या घासाच्या आधीच आला, असं दोघांच्याही मनात आलं असणार.

“एकदा नेलं मला,” दिलीप म्हणाला. “एकदा. ते पण तुमची केळी निघाली होती म्हणून. आता तेवढंच आहे माझ्याकडे, तर सांगतो मी सगळ्यांना. तुम्हाला राग येतो ते दिसतं मला. तांब्या आपटून ठेवता तुम्ही.”

मी म्हणालो, आपटत नाही. तो म्हणाला, आपटता. मग मी म्हणालो, गाडी घेताय का? तो म्हणाला, घ्यायची होती, पण अक्कांनी आताच मलाही तेच सांगितलं, आणि तसंही शेजारी कोण बसणार, तुम्ही? मी म्हणालो, मी नाही बसणार. तो म्हणाला, मला माहीत आहे.

मग म्हणाला, “पण भाऊ, एक झालं होतं. मजा नाही आली म्हणाले ते खरं, पण एक झालं होतं. छत उघडलं आणि नानांची टोपी उडाली. मागे, रस्त्यावर. मी उतरून पळत गेलो. ट्रक येत होते, टोपी पुढे पुढे, मी मागे. आणि नाना हसले.”

“हसायचेच ते.”

“तसं नाही. आवाज करून हसले. मी टोपी घेऊन परत येईपर्यंत हसत होते.”

नाना, तुम्ही हसायचे ते फक्त खांद्यांनी. डोळे मिटायचे, खांदे हलायचे, तोंड बंद. मी सुरतच्या गाडीभोवती फिरलो तेव्हा खांदे. माझा हॉर्न भर पावसात सुरू झाला आणि सगळ्या चौकाने वळून बघितलं, तेव्हाही खांदेच. एवढी वर्षं मी तुमच्या शेजारी स्टिअरिंग धरून बसलो, एवढे विनोद केले, तुम्हाला हसवायला मी काय काय केलं नाही. आवाज कधी निघाला नाही. मला वाटायचं, निघतच नसेल. आणि तो निघाला दिलीपसाठी, एका टोपीसाठी.

मी त्याला विचारलं, कसे हसले?

दिलीपने इकडेतिकडे बघितलं. मंडपात कुणी नव्हतं, बायका आत गेल्या होत्या. त्याने टोपी घातल्यासारखा डोक्याला हात लावला आणि हसून दाखवलं.

मी म्हणालो, नाही दिलीपराव, नाना असे नाही हसायचे.

त्याने पुन्हा केलं, जरा खालच्या आवाजात. मी म्हणालो, अंहं, असंही नाही.

मी ते कधी ऐकलेलं नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी त्याने घसा साफ केला, आणि पुन्हा करायला लागला.